मांडीवर धरायची डिस्क

चि. ईशान आणि चि. मुक्ता,

तुम्ही टोरांटोहून पाठवलेला पेन ड्राइव्ह मिळाला. सोबतच्या सूचनाही मिळाल्या. ईशान, तू त्या फार व्यवस्थित लिहिल्या आहेस. कॉम्प्युटर बंद करायचा, पेन ड्राइव्ह लावायचा, सुरू करताना एफ-बारा दाबत राहायचं. मग कॉम्प्युटर विचारेल, कशावरून सुरू होऊ? तेव्हा पेन ड्राइव्ह निवडायचा. तिथपर्यंत मी बरोबर गेले. पुढच्या पडद्यावर दुसरा प्रश्न आला: नवी सिस्टिम कोणत्या डिस्कवर टाकायची? खाली दोन डिस्क दाखवल्या होत्या. तुझ्या सूचनेत तिथे लिहिलं होतं, "बहुतेक पहिली."

मी बटण दाबून धरलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

काल फोनवर तू विचारलंस, आजी, एवढ्या जवळ येऊन का थांबलीस? मुक्ता मागून हसली, तेही ऐकू आलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण ते एका माणसाबद्दल आहे आणि त्या माणसाबद्दल मला घाईत बोलायचं नाही. तुमच्या लहानपणी एकदा त्यांनी तुमचे फोटो काढले होते. तुम्हाला आठवणार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

"हे धरा. मांडीवर धरा. माझं होईपर्यंत खाली ठेवू नका."

असं म्हणून ते गिऱ्हाइकाच्या हातात त्याचीच हार्ड डिस्क द्यायचे. कॉम्प्युटर उघडायचा, ज्या डिस्कमध्ये माणसाचं जपायचं सगळं आहे तिची वायर काढायची, तिला बाहेर घ्यायचं आणि मालकाच्या मांडीवर ठेवायचं. मग आत उरलेल्या एकाच डिस्कवर नवी सिस्टिम टाकायची. तेवढा वेळ मालकाने तसंच बसायचं. सडक अर्जुनीत हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत व्हिडिओ शूटिंग आणि खाली बारीक अक्षरांत कॉम्प्युटर रिपेअरिंग. गावात त्यांना सगळे शूटिंगवाले म्हणत. मीही तेच म्हणत आले, म्हणून इथेही नाव लिहीत नाही.

रायपूरकडे जाणारा भरलेला ट्रक गेला की त्यांच्या टेबलावरचे स्क्रू आपोआप सरकायचे. त्यांनी शेजारून फाटक्या ट्यूब आणून प्रत्येक मशीनखाली रबराचे तुकडे घातले होते. "मशीनले धक्का नाही बसला पायजे, बाई. मानसाचं चालून जाते," असं ते म्हणत.

डिस्क मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी तिथे पुष्कळ पाहिली. आमचं घर मागच्याच गल्लीत आणि शाळेच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती त्यांच्याचकडे, त्यामुळे मुख्याध्यापिका असताना आणि निवृत्त झाल्यावरही माझं तिथे जाणं असे. एकदा आपल्या फाट्यावरच्या धाब्याचे मालक बसले होते. भरघोस मिशा, दोन्ही तळव्यांवर डिस्क. खिशातला फोन वाजायला लागला. हात सोडायची त्यांची छाती होईना. शेवटी मला म्हणाले, "बाई, जरा फोन कानाले लावून देता काय?" मी लावला. फोन त्यांच्या बायकोचा होता आणि ती जे बोलत होती ते मलाही स्वच्छ ऐकू येत होतं. ते नुसते "हो, हो, येऊन राहिलो" म्हणत होते. मी रस्त्याकडे बघत उभी होते.

आमच्या शाळेच्या बाबूंनी एकदा चहा प्यायला डिस्क बाकावर ठेवली. शूटिंगवाल्यांनी काम थांबवलं, हाताची घडी घातली आणि त्यांच्याकडे बघत बसले. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता म्हणून बोलता येत नव्हतं. खर्रा तोंडात असला की त्यांची सगळी भाषा "हं" एवढ्यावर चालायची. होकाराचा वेगळा, नकाराचा वेगळा आणि रागाचा सगळ्यांत लांब. तो लांबवाला ऐकल्यावर बाबूंनी चहा ठेवला आणि डिस्क उचलली.

पण ते पहिल्यापासून असे नव्हते. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी त्यांच्याइतका झटपट माणूस तालुक्यात नव्हता आणि हे ते स्वतःच सांगत. केसांना मेंदी, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. लग्नात नवरा-नवरीपेक्षा त्यांचा हुकूम चाले. "नवरदेव, जरा खुश दिसा. लगन तुमचंच आहे." कॉम्प्युटरचंही तसंच. आत काय आहे ते विचारायचं नाही, पेन ड्राइव्ह लावायचा आणि नवं टाकून मोकळं व्हायचं. मी एकदा म्हटलं, अहो, आधी विचारत जा ना त्यांना. "कायले विचाराचं, बाई? नवं टाकलं का सगळं चकाचक."

त्यांच्या स्वतःच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, जोडीने घेतलेल्या. एकीवर सिस्टिम होती आणि दुसरीवर लग्नं. देवरीपासून इकडच्या किती गावांची लग्नं तिच्यात होती कोण जाणे. ओळखता याव्यात म्हणून त्यांनी कुठल्याशा नवरीच्या सामानातल्या लाल नेलपॉलिशने सिस्टिमच्या डिस्कवर एकचा आकडा काढला होता आणि लग्नांच्या डिस्कवर दोनचा.

एका उन्हाळ्यात, लग्नाच्या धामधुमीत त्यांचं मशीन अडखळायला लागलं. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, तुम्ही मला सांगितलंत तसंच मशीन त्याच्यावरून सुरू केलं, आणि तोच दुसरा प्रश्न आला. पडद्यावर दोन नावं होती. डिस्क शून्य आणि डिस्क एक. त्यांना एकवर टाकायचं होतं. एक तर समोर लिहिलेलंच होतं. शून्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. आपण सगळे मोजायला एकपासून सुरुवात करतो. कॉम्प्युटर शून्यापासून करतो. त्याची एक म्हणजे यांची दोन. दोन्ही डिस्कचा आकार सारखा, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. त्यांनी एक निवडली, आतलं सगळं पुसलं, नवी सिस्टिम टाकली आणि कॅमेरा घेऊन पुढच्या लग्नाला गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण न्यायला गेले होते. तेवढ्यात चिचगडहून एक गृहस्थ आले. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. चिचगडला त्यांची थोडी धानाची शेती, बाकी तेंदूपान आणि मोहफुलं वेचणं. शूटिंगवाल्यांनी त्यांना ओळखलं.

"या, मामा. बसा."

"भाऊ, पोरीच्या लग्नाची कॅसेट पाहिजे होती."

"तुमच्या जावयाले देल्ली न पेन ड्राइव्हमधी."

"त्यानं त्याच्यात गाने भरले." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "त्याचं दुसरं लगन झालं. त्याले कायले लागते आता."

शूटिंगवाल्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अन पोरगी?"

"पोरगी गेली, भाऊ. पाण्याच्या दिवसात. ताप आला, देवरीले नेलं, पन उशीर झाला."

मग मामाच म्हणाले, "फोटो आहे घरी. पन फोटोत ते बोलत नाही."

"थांबा मामा. आत्ता काढून देतो. माझ्यापाशी सगळ्याइचे लगनं आहेत." असं म्हणून ते वळले आणि लग्नांची म्हणून डिस्क उघडली. मी बाजूला उभी होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी बंद करून पुन्हा उघडलं. "जुनी सिस्टिम तर इथंच आहे," असं काहीतरी पुटपुटले. मग वाकून कॅबिनेटचं झाकण काढलं आणि लाल आकड्यांकडे पाहत राहिले.

उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. आवाज मात्र त्यांनी तसाच ठेवला. "मामा, जरा वेळ लागन. पुढच्या बाजाराले येता काय?"

मामांनी मान हलवली, पिशवीतली टेंभरं, तेंदूची पिकलेली फळं, काढून टेबलावर ठेवली आणि बसकडे गेले. ते दूर गेल्यावर शूटिंगवाल्यांनी मला सगळं सांगितलं. "सगळे गेले, बाई. एक पोरगी नाही, सगळेच गेले. बाकीच्याइपाशी त्याइच्या कॉप्या असतीन. हिची कुठीच नाही." तिच्या लग्नातलं कॅमेऱ्याचं कार्ड तर केव्हाच पुढच्या लग्नांना वापरून झालं होतं.

डिस्क पुसली तरी आतलं लगेच नाहीसं होत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. काय कुठे ठेवलं आहे याची खूण पुसली जाते. चित्रं आत तशीच पडून असतात, जोवर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. नव्या सिस्टिमने काही भाग झाकला होता. उरलेल्या भागात ती मुलगी असेल किंवा नसेल. त्यांनी त्या दिवशीच ती डिस्क मशीनमधून काढली. शोधायला बसले की ती बाहेरून वायरने जोडायची आणि मशीन सुरू करायचं ते पेन ड्राइव्हवरून, म्हणजे त्या डिस्कवर चुकूनही एक अक्षर लिहिलं जाणार नाही. ज्या पडद्याने घात केला तसल्याच, कशावरून सुरू होऊ विचारणाऱ्या पडद्यावर आता ते रोज जात होते. बोट टेकवण्याआधी नावं मोठ्याने वाचायचे. शून्य. एक. पेन ड्राइव्ह. मग पुन्हा एकदा.

मामा बाजाराच्या दिवशी आले. नंतरही येत राहिले, कधी लवकर, कधी उशिरा. प्रत्येक वेळी तेच.

"निघाली काय, भाऊ?"

"निघून राहिली, मामा. थोडंसं राहिलं."

ते खोटं होतं. मला ते बघवेना. एकदा मामा गेल्यावर मी म्हटलं, "त्यांना सरळ सांगा. माणूस एवढा प्रवास करून येतो."

ते माझ्यावर उखडले. "तुमाले सोपं आहे, बाई. तुमी शाळेत चूक दिसली का लाल शाई फिरवली, झालं. इथं लाल शाई चालत नाही."

मी घरी आले. पुढे काही दिवस मी त्या बाजूला गेले नाही. मग एके सकाळी तेच दारात आले. "मामा येऊन राहिले आज. तुमी या. तुमी असल्या तर मी खोटं नाही बोलनार."

त्यांनी सांगितलं. उभं राहून, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखं. मी निवडलं, मी पुसलं, माझ्या हातानं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ते रागावतील, किंवा रडतील. त्यांनी विचारलं, "कोनत्या डब्बीत होती?"

शूटिंगवाल्यांनी डिस्क दाखवली.

"हिच्यात होती न?"

"होती."

"मंग अजून असन. आना इकडे." त्यांनी डिस्क दोन्ही हातांनी घेतली आणि मांडीवर ठेवली. "तुमी शोधा. मी धरून बसतो."

शूटिंगवाले त्यांना सांगू शकले असते की चालू डिस्क अशी हातात धरत नाहीत. त्यांनी फक्त ट्यूबचा एक जाड तुकडा मामांच्या मांडीवर घातला, वर डिस्क ठेवली आणि वायर जोडली. डिस्क फिरायला लागली. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "गरम लागून राहिली."

त्या दिवसापासून ती पद्धत सुरू झाली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर त्याची डिस्क. लोक हसत. शूटिंगवाले डिस्कचंबी बाळंतपन करतात, असं चौकात म्हणत. कारण फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

शोधून जे निघायचं ते तुकड्यांत निघायचं. तुकड्याला नाव नसे. मामा आले की दोघं मिळून बघत. कुठल्याशा वरातीचे पाय, भाताची परात, अर्धा बँड. "हे नाही," मामा म्हणत, आणि पुढचा तुकडा. एकदा एक जाड गृहस्थ पंगतीत बराच वेळ दिसत होते. मामा म्हणाले, "कोनाचा पाहुना आहे हा? मघापासून जेवूनच राहिला." दोघं हसले. शूटिंगवाल्यांना मी पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिलं, आणि तेव्हाच लक्षात आलं की त्यांचं तोंड पुरतं उघडत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. खर्रा त्यांनी सोडला, पण फार उशिरा. नागपूरला ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा गालाला टाके होते आणि आवाज गेला होता. लग्नात हुकूम सोडणारा माणूस खुणांनी बोलायला लागला. शूटिंग बंद झालं. दुकान मात्र उघडायचे. गिऱ्हाइकाला "धरा" म्हणता येत नव्हतं, तर नुसती डिस्क पुढे करायचे आणि त्याच्या मांडीकडे बोट दाखवायचे. मामा यायचे. दोघं शेजारी शेजारी बसायचे. मला वाटायचं, आता कशाला. पण ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

एका दुपारी त्यांनी आमचं दार वाजवलं. चालून धाप लागली होती. माझा हात धरून रस्त्याकडे बोट दाखवलं, मग फोनकडे, मग पूर्वेकडे, चिचगडच्या बाजूला. मी मामांच्या पुतण्याला फोन लावला.

मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले. शूटिंगवाल्यांनी आधी नेहमीप्रमाणे डिस्क त्यांच्या मांडीवर ठेवली. खरं तर आता गरज नव्हती. सापडलेला तुकडा त्यांनी पेन ड्राइव्हवर काढून घेतला होता. मामांनी ती नीट धरली. मग शूटिंगवाल्यांनी तुकडा सुरू केला.

चित्र असं नव्हतंच. हिरवे चौकोन, मधेच पिवळं काहीतरी, ते हळदीचं असावं. पण आवाज स्वच्छ होता. ढोल, बायकांचं गाणं, भांडी. आणि अगदी जवळून एका मुलीचा आवाज.

"काका, बाजूले सरका न. बाबा दिसून नाही राहिला."

आणि त्यावर हसत, भरदार, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा दुसरा आवाज. "बाबा येते व. तू इकडं पाह्य."

तेवढाच तुकडा होता.

मामांनी डिस्क आणखी जवळ घेतली. मग म्हणाले, "मी पत्रावळी आनाले गेलतो. कमी पडल्या होत्या." पुन्हा लावा म्हणाले. शूटिंगवाल्यांनी लावला. दुसऱ्यांदा संपल्यावर मामा त्यांच्याकडे वळले.

"हा तुमचा आवाज आहे, भाऊ."

शूटिंगवाल्यांनी मान हलवली. मग टाक्यांच्या व्रणावर हात ठेवून बसून राहिले. बाहेरून ट्रक जात होते. टेबलावरचे स्क्रू सरकत होते. कोणी ते आवरले नाहीत.

हिवाळा संपायच्या आधी ते गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पाटी काढली आहे, पण भिंतीवर तिच्या मापाचा चौकोन अजून दिसतो.

तर मी का थांबले, ते हे. माझ्या कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क त्यांनीच बसवली होती. तुमच्या आजोबांचे फोटो तिच्यात आहेत, तुमचेही आहेत, आणि त्या तुकड्याची एक प्रत त्यांनी स्वतः तिच्यात ठेवली होती. मामांच्या पुतण्याच्या फोनमध्ये जी होती ती त्या फोनबरोबर गेली, असा निरोप गेल्या महिन्यात आला. शूटिंगवाल्यांचा पेन ड्राइव्ह दुकान रिकामं करताना कुठे गेला ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नाही. म्हणजे पडद्यावरच्या त्या दोन नावांपैकी एकात ते दोन आवाज होते, आणि कोणत्या नावात होते ते मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं, ईशान. तू "बहुतेक" लिहिलंस, ते प्रामाणिकपणे लिहिलंस. त्याच शब्दाने मला थांबवलं.

काल तुमचा फोन ठेवल्यावर मी तुमचा पेन ड्राइव्ह काढून ठेवला आणि कॉम्प्युटर त्याच्या जुन्याच डिस्कवरून सुरू केला. कुरकुर करत झाला. आधी तो तुकडा शोधला, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि आज सकाळी चिचगडच्या बसमध्ये मामांच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हातात दिला. रविवारी शाळेतले इलेक्ट्रिशियन येणार आहेत. ते दुसऱ्या डिस्कची वायर काढतील. मी ती मांडीवर घेऊन बसेन. मग तुम्ही फोनवर सांगा, काय निवडायचं ते. तेव्हा पडद्यावर एकच नाव असेल.

शूटिंगवाल्यांनी त्या दिवशी मामांनाच देऊन टाकलेली ती जुनी डिस्क अजून त्यांच्याकडे आहे. कापडी पिशवीत, घरात वर टांगलेली. तुकडा आता चिचगडला आहे आणि इथेही आहे. चित्र हिरवं आहे. दोन्ही आवाज स्पष्ट ऐकू येतात.